१६ नियमांची एस्पेरांतो आणि सोलापूरची जीभ

एस्पेरांतो या मुद्दाम रचलेल्या भाषेबद्दल सोलापुरातल्या मोबाइलवर एक मजकूर फिरतो आहे: ‘एस्पेरांतोचे नियम १६च, अपवाद एकही नाही. उच्चार देवनागरीत जसेच्या तसे उतरतात. म्हणून मराठी माणसाला ती आठवड्यात येते.’

अपवादांचं म्हणणं क्रियापदांपुरतं अगदी खरं आहे. वर्तमानाला ‘-आस’, भूतकाळाला ‘-इस’, भविष्याला ‘-ओस’. ‘जातो’चं ‘गेला’ होण्यासारखं काही नाही. बाकीचा मजकूर मात्र शिकणाऱ्याला अडचणीत आणतो.

देवनागरीचंच घ्या. एस्पेरांतोत साधा ‘सी’ म्हणजे ‘चाक’मधला च आणि टोपीवाला ‘सी’ (ĉ) म्हणजे ‘चार’मधला. दोन्ही ध्वनी आपल्याकडे आहेत, पण अक्षर एकच. तिथे ‘त्सेलो’ म्हणजे ध्येय आणि ‘चेलो’ म्हणजे पेशी. त्यात मराठी च पुढे इ किंवा ए आला की तालव्य, म्हणजे ‘चार’मधल्यासारखा होतो: ‘त्याचा’, पण ‘त्याची’, ‘त्याचे’. म्हणून ‘त्सेलो’ म्हणताना जीभ ‘चेलो’कडे घसरते. वहीत पहिल्या दिवसापासून ‘त्स’ लिहावं. ‘टी’ आणि ‘डी’ म्हणजे त आणि द. इंग्रजीच्या सवयीने ट, ड केले की बिघडलं. घशातून घासत येणारा ख़ उर्दू बोलणाऱ्या घरांत तयार असतो, इतरांना तो कमवावा लागतो. आघात नेहमी शेवटून दुसऱ्या स्वरावर, आणि तो देवनागरीत दिसतच नाही. ‘रादिओ’मध्ये जोर ‘दि’वर येतो, ‘रा’वर नाही.

१६ नियम १८८७ साली वॉर्सात निघालेल्या, या भाषेचे निर्माते झामेनहोफ यांच्या पहिल्या पुस्तिकेतले. कर्म, उपपद, धातुसाधित म्हणजे काय हे ठाऊक असलेल्या वाचकासाठी केलेला तो गोषवारा आहे. नाम ‘-ओ’ने संपतं, क्रियापदाचं मूळ रूप ‘-इ’ने, एवढं त्यात मिळतं. पण ‘ब्रोसो’ म्हणजे ब्रश हे साधन, आणि ‘कोंबो’ म्हणजे कंगवा नव्हे, विंचरण्याची क्रिया; कंगव्याला ‘कोंबीलो’ म्हणावं लागतं. पहिला धातू, म्हणजे शब्दाचं मूळ, मुळात वस्तूचा, दुसरा क्रियेचा. हे प्रत्येक धातूबरोबर शब्दकोशातूनच शिकायचं.

मराठी माणूस सर्वांत जास्त अडतो तो कर्माला लागणाऱ्या ‘-न’ या प्रत्ययापाशी. आपला ‘ला’ दोन कामं करतो: ‘मुलाला भेटलो’ आणि ‘मुलाला पुस्तक दिलं’. एस्पेरांतोत पहिला मुलगा ‘क्नाबोन’. दुसऱ्याच्या आधी ‘आल’ (‘-कडे’ या अर्थाचा शब्द) आणि ‘-न’ पुस्तकाला: ‘लिब्रोन’. ताळा असा: ‘ला’च्या जागी ‘कडे’ घालून पाहावं. ‘मुलाकडे पुस्तक दिलं’ चालतं, तिथे ‘आल’. ‘मुलाकडे भेटलो’ म्हटलं की अर्थच बदलतो, तिथे ‘-न’.

इथे आपल्या शहरातल्या कन्नड आणि तेलुगू घरांना जास्त सोपं जातं, आणि त्या मजकुरात याचा उल्लेखही नाही. कन्नडमध्ये कर्माला ‘-अन्नु’ आणि ज्याला द्यायचं त्याला ‘-गे’. तेलुगूत ‘-नि/-नु’ आणि ‘-कि/-कु’. म्हणजे हा फरक त्यांच्या बोलण्यात आधीच आहे. निर्जीव वस्तूंना बोलताना कर्माचा प्रत्यय बऱ्याचदा गळतो, तेवढं जपावं.

शेवटचा खड्डा ‘मला’चा. ‘मला भूक लागली’चं होतं ‘मी मालसातास’, म्हणजे ‘मी’ थेट कर्ता, ‘आल’ लावायचा नाही. ‘मला आंबा आवडतो’ मात्र मराठीच्याच वळणावर जातं: ‘आल मी प्लाचास मांगो’. इथे आंबा कर्ता आहे, म्हणून त्याला ‘-न’ लागत नाही. पण ‘मी आंबा खाल्ला’ म्हणताना तोच आंबा ‘मांगोन’ होतो.