रुमालाची योग्यता

परवा बेळगावहून निपाणीला एकटाच निघालो होतो. पाऊणशे किलोमीटरच्या प्रवासात निदान साठ पाने संपवायचा बेत असल्यामुळे, १८४८ पासून चालत आलेल्या आमच्या सार्वजनिक वाचनालयातून मुद्दाम जाडजूड कादंबरी आणली होती. बस फलाटाला लागताच गर्दी दारावर तुटून पडली. रुमाल घरी विसरल्यामुळे मी खिडकीतून ती कादंबरीच बाकावर टाकली. सोबतीला कुणी असते तर एकाने पिशवी सांभाळली असती आणि दुसऱ्याने जागा धरली असती. एकट्या माणसाला ही दोन्ही कामे एकाच देहाने करावी लागतात.

आत पोहोचलो, तर त्या जागेवर एक काकू बसल्या होत्या आणि माझी कादंबरी वाचत होत्या.

"काकू, ही जागा मी धरली होती. पुस्तक टाकलं होतं."

"ह्ये तुमचं व्हय? मला वाटलं, कोण तरी इसरून गेलंय." त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळले. "जागा धरायची तर रुमाल टाकायचा की वो. पुस्तक कोण टाकतंय?"

यावर मला उत्तर सुचले नाही आणि अजूनही सुचलेले नाही. टॉवेल, टोपी, भाजीची रिकामी पिशवी यांना आमच्या भागात जो खरेदीखताचा मान आहे, तो चारशे पानी कादंबरीला नाही. दाद मागावी म्हणून कंडक्टरकडे पाहिले, तर तो कानडीत "मुंद होग्री, मुंद", म्हणजे पुढे चला, एवढेच म्हणाला.

जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आमच्या घरातूनही शून्य रकमेच्या त्याच तिकिटावर माहेरच्या फेऱ्या वाढल्या आहेत. परंतु पूर्ण पैसे मोजून उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच पुस्तकात ते शून्याचे तिकीट खूण म्हणून ठेवले जावे, हे जरा अतीच झाले. पुस्तक परत मागायचे तर दोन्ही हात वरच्या दांडीला गुंतलेले, आणि हातात नसलेले पुस्तक आपले आहे, हे चालत्या बसमध्ये पटवायचे तरी कुणाला?

वंटमुरीच्या घाटात काकूंनी एकदम शेवटचे पान उघडले.

"काकू, शेवट आधी वाचू नका हो!"

"बाई मरती काय बघाय नको? मरणार असली तर उगंच जीव कशाला लावायचा?" त्या मन लावून वाचत राहिल्या, आणि मग सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मरत न्हाई वो! दिरानंच पत्र लपवलेलं. आता निवांत वाचा तुम्ही."

संकेश्वरला त्या उतरल्या. जाताना पानाचा कोपरा दुमडून पुस्तक माझ्या हातात देत त्यांनी आपुलकीने बजावले, "माझं इथवर झालंय." मी ते काखेत धरून वळेपर्यंत खिडकीतून एक चौकडीचा रुमाल आत येऊन बाकावर पडला होता.