हाताला सापडलेली शैली

संगणकावर काम करणाऱ्या एका ग्राफिक डिझायनर लेखिकेने लिनोकट (लिनोलियमच्या मऊ पत्र्यावर कोरून घेतलेला छापा) आणि बोरू (तिरका काप दिलेली बांबूची लेखणी) यांकडे वळल्यावर आपली शैली कशी बदलली, हे तिच्या लेखात फार प्रामाणिकपणे मांडले आहे. मी नाशिकमध्ये बोधचिन्हे आणि लग्नपत्रिकांची कामे करतो, त्यामुळे हा अनुभव अगदी जवळचा वाटला. देवनागरीसाठी बोरूचा काप रोमन लिपीच्या उलट दिशेला तिरका घ्यावा लागतो, ही गोष्ट मला फाँट वापरून वर्षानुवर्षे काम करूनही उमगली नव्हती. स्वतः बोरू तासून 'क' गिरवला, तेव्हाच जाड-बारीक रेषेचे कारण हाताला कळले. लिनोवर अक्षर उलटे कोरताना शिरोरेषा एकदा तुटली होती, आणि तीच तुटकी रेषा पुढे माझ्या अक्षरांची ओळख झाली. १९२६ पासून देशाची टपाल तिकिटे ज्या नाशिकरोडला छापली जातात, तिथल्या बारीक रेषाकामाकडेही आता मी निराळ्या नजरेने पाहतो. शैली ठरवून बदलता येते, या लेखिकेच्या मताशी मात्र मी सहमत नाही: माझ्या मते ती साधनाबरोबर आपोआप बदलते. त्यांनी आपले फसलेले ठसेही अवश्य दाखवावेत.