ओटीपी गेला उधन्याला

आमच्या सरकारी दवाखान्याचं संगणकीकरण झालं त्या दिवशी नारळ फुटला, पेढे वाटले, सगळ्यांचा फोटो निघाला. फोटोत कडू तोंड करून उभा आहे तो मी. 22 वर्षं केसपेपरच्या खिडकीत बसलोय. नाव, वय, गाव, ठप्पकन शिक्का, पुढचा! बाजाराच्या दिवशीसुद्धा दुपारी बाराच्या आत रांग संपवायचो. आता खिडकी तीच आहे, रांग मात्र फाटकाजवळच्या कडुनिंबापर्यंत जाते.

संगणकाला माणूस कसा सुटसुटीत लागतो. एक नाव, एक जन्मतारीख, एक मोबाइल. खानदेशात असा माणूस सापडणं अवघड. 'पाटील' टाकून शोधलं की पडदाभर पाटील. जन्मतारखेवरून वेगळे करावेत, तर निम्मे 1 जूनचे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अख्खी पिढीच त्या दिवशी जन्माला घातली. जे शाळेत गेलेच नाहीत, त्यांतल्या कितीकांना आधारवाल्यांनी 1 जानेवारी देऊन टाकली. ट्रेनिंग द्यायला आलेला पोरगा म्हणाला, "काका, डुप्लिकेट एंट्री मर्ज करून टाका ना." आता आमच्याकडे एकाच गल्लीत, एकाच नावाचे, एकाच तारखेचे दोन पाटील आहेत. एकाला शुगर आहे, दुसऱ्याला नाही, आणि बांधावरून दोघांची कोर्टात तारीख चालू आहे. त्यांना मी मर्ज करू?

आत डॉक्टरांची गत वेगळी नाही. त्यांना रोग यादीतून निवडायचा असतो. आयसीडी-10 नावाच्या जागतिक यादीत विंचवाला एक्स 22 आहे, विषारी सापाला एक्स 20 आहे. मगरीने धरलं तर त्यालाही कोड आहे, डब्ल्यू 58. उन्हाळ्यात पांझरेत पाणी दिसायची मारामार, मगर कुठून येणार? पण आमचा पेशंट येऊन सांगतो, "जीव कालवस." हे कुठल्या कोडात बसवायचं? शेवटी डॉक्टर कागदावर लिहितात आणि दुपारी सिस्टर तो कागद पाहून एका बोटाने टाइप करते. कागद वाचवायला आणलेल्या यंत्राने कागदही ठेवला आणि काम दुप्पट केलं. मे महिन्यात पारा 44 च्या पुढे गेला, तेव्हा ओपीडीत लोक केसपेपरनेच वारा घेत होते. त्या बाजूला एसी फक्त एका खोलीत, सर्व्हरच्या. मी दोनदा 'सर्व्हर बघून येतो' म्हणून गेलो आणि दोन्ही वेळा डुलकी काढून आलो.

पण खरी गंमत आभाची. 27 सप्टेंबर 2021 ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं, त्यातलाच हा 14 आकडी आभा नंबर, म्हणजे पेशंटचे सगळे आरोग्याचे कागद संगणकात जोडायचा नंबर. तो काढणं ऐच्छिक आहे. फक्त 'आज किती काढले' हे मला रोज संध्याकाळी वरून विचारतात, तेवढं ऐच्छिक नाही.

परवा एक म्हातारी आली. डोक्यावर पदर, हातात कापड दुकानाची पिशवी. मी विचारलं, "मावशी, वय?"

"दुष्काळमा लगीन व्हयनं मन्हं."

खानदेशात नुसता 'दुष्काळ' म्हटला की तो 1972 चाच. लग्नात पंधरा-सोळाची असेल असं धरून मी बोटं मोजली. आधारवर पाहिलं तर 1 जानेवारी. म्हटलं, जुने कागद आहेत का? तिने पिशवी खिडकीवर उपडी केली. रेशनकार्ड, डोळ्याच्या ऑपरेशनचा कागद, सुनेचा सोनोग्राफी रिपोर्ट, एक्स-रेची फिल्म आणि त्या फिल्मच्या घडीत पन्नासची नोट. कुठला कागद कधीचा, हे तिला अंधारात हात लावून सांगता आलं असतं. आमच्या सिस्टीमला अजून जमत नाही.

मी आधार नंबर टाकला आणि ओटीपीचं बटण दाबलं.

"मावशी, मोबाइल पहा. आकडा आला असेल."

"मोबाइल पोऱ्याना शे. तो उधन्याले. लूमवर."

घ्या. अर्धा खानदेश पोटासाठी सुरतेत, त्यामुळे आमचे निम्मे ओटीपी ताप्ती लाईनने उधन्याला जातात आणि तिथेच शिळे होतात. मी म्हटलं, त्याला फोन लावतो. म्हातारी एकदम खिडकीला चिकटली. "नको रे भाऊ, त्याले सांगू नको. चक्कर येस म्हनी तं पयत यी. खाडा पडी."

मग मी आभा सोडून दिला, जुन्या वहीतला कागद फाडला, नाव, वय, गाव लिहिलं आणि ठप्पकन शिक्का मारला. काय हलकं वाटलं म्हणून सांगू!

दुपारी अडीचला माझा फोन वाजला. नाइट करून झोपलेला तिचा पोरगा तेव्हा उठला होता. ओटीपी पाहून त्याला वाटलं, कुणीतरी मायचं खातं धुऊन नेतंय. त्याने शेजाऱ्याला फोन लावला. शेजारी म्हणाला, ती तर सकाळच्या एसटीने दवाखान्यात गेली. मग पोलीस पाटलाकडून त्याने माझा नंबर काढला.

"साहेब, ओटीपी सांगू का?" आणि लगेच, "मायले काय व्हयनं?"

काही नाही, जरा बीपी वाढलंय, असं मी तीनदा सांगितलं. त्याने तीनदा 'बरं' म्हटलं आणि रात्रीची गाडी धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं खिडकीसमोर. पोराच्या खांद्यावर बॅग, आणि म्हातारी ओपीडीतले सगळे ऐकतील अशा आवाजात विचारत होती, "याले कोनी सांगं?"

मी पडद्यात डोकं घातलं.

"सर्व्हर डाऊन शे, मावशी."