इशारा दिला, मग झाले का?

नाशिकच्या अशोक स्तंभाजवळच्या आमच्या कट्ट्यावर रविवारी मिसळ संपायच्या आधीच बापूंनी निकाल देऊन टाकला. हल्ल्याआधी शहर रिकामे करा अशी पत्रके विमानातून टाकली होती, तरीही जे थांबले त्यांच्या मरणाला तेच जबाबदार, असे त्यांचे म्हणणे. बापू युद्धावर बोलू लागले की पावांची सीमारेषा होते, रश्श्याची वाटी शत्रूचे ठाणे बनते आणि त्यांचा चमचा रणगाडा होऊन फिरू लागतो.

देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त झालेले सुभेदारकाका शांतपणे म्हणाले, "आमच्या रेंजवर लाल झेंडा लागायचा, आजूबाजूच्या गावांना आधी कळवलेले असायचे. तरीही दुर्बिणीत शेळ्यांमागे धावणारी बाई दिसली, तर आधी फायर थांबायचे. झेंडा का पाहिला नाहीस, हे तिला नंतर विचारायचे."

"सराव वेगळा, लढाई वेगळी."

"नियम लढाईसाठीच लिहिले आहेत, बापू. युद्धाचे नियम सांगणाऱ्या जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलचे कलम ५७ सांगते की शक्य तेथे इशारा द्या. पण लष्करी लाभाच्या मानाने नागरिकांची हानी अवाजवी होणार असे दिसले, तर हल्लाच थांबवा. इशाऱ्यानंतर मागे राहिलेला माणूस नागरिकच राहतो."

"त्या प्रोटोकॉलमध्ये भारत नाही," बापूंनी चमचा पुढे सरकवला.

"नाही. पण १९४९ चे जिनिव्हा करार आपण १९५० मध्ये स्वीकारले आणि १९६० मध्ये संसदेने त्यासाठी कायदाही केला. त्यातला चौथा करार वाचा. रुग्णालयातून लढाई चालवली जात असली, तरी त्याचे संरक्षण काढून घेण्यापूर्वी इशारा आणि योग्य तेथे वाजवी मुदत द्यावी लागते. काचेच्या पेटीतले बाळ कोण उचलणार, कोणत्या रस्त्याने नेणार आणि पुढे त्या पेटीला वीज कुठे मिळणार, एवढे तरी त्या मुदतीत बसायला नको का?"

"आणि शत्रू लोकांच्या आड लपतो, त्याचे काय?"

"तो त्याचा गुन्हा. ज्यांच्या आड तो लपला, त्यांचा नव्हे."

याला बापूंकडे उत्तर नव्हते, म्हणून त्यांनी आवाज चढवला. तेव्हा इतका वेळ गप्प असलेला विलास म्हणाला, "२०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीच्या पुरात दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाली, भोंगे वाजत होते, सगळा सराफ बाजार माल हलवत होता. तुम्ही वाड्यात का थांबलात?"

ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. बापूंच्या आई अंथरुणाला खिळलेल्या होत्या; लाकडी जिन्याच्या वळणावर खुर्ची अडकली, तेव्हा आम्ही चौघांनी त्यांना चादरीच्या झोळीतून खाली आणले होते. बाहेर गुडघाभर पाणी होते.

बापूंनी चमचा वाटीत ठेवला. "आईला टाकून कुठे जाणार होतो?"

कोणीच काही बोलले नाही. सुभेदारकाकांनी आपल्या ताटलीतला उरलेला पाव त्यांच्याकडे सरकवला. तेवढ्यात चहाचे ग्लास घेऊन आलेल्या टपरीवाल्या अण्णांनी विचारले, "ती खुर्ची माझी होती, ती कधी परत मिळणार?" आणि सगळ्यांत आधी बापूच हसले.