गोळी मी चुकवलेली नाही!

मार्चमध्ये डॉक्टरांनी विचारलं, "दोन-दोन गोळ्या घेता का?" मेमध्ये त्याच खुर्चीवरून, "गोळ्या चुकवता का?" संताप संताप झालाय नुसता!

अकरा वर्षं झाली मला थायरॉईडची गोळी सुरू होऊन. रोज सकाळी सहाला, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घेते. पुढे पाऊण तास चहाला तोंड लावत नाही. कॅल्शियमची गोळी चार तासांनी, जेवण झाल्यावर. लग्नकार्य असो नाहीतर गावची जत्रा, बाटली माझ्या पर्समध्ये असते. आणि मला विचारता चुकवता का?

जानेवारीत टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की वाढणारा आणि जास्त झालं की उतरणारा रक्तातला हार्मोन) 3.1 होता, 100 मायक्रोग्रॅमच्या गोळीवर. छान चाललं होतं. मार्चमध्ये ऑफिसच्या तपासणीत रक्त दिलं, दुसऱ्याच लॅबमध्ये, दुपारी चार वाजता. आकडा आला 0.2. डॉक्टरांनी कागदावरून नजरसुद्धा वर केली नाही, सरळ गोळी 50 वर आणली. छातीत धडधडतं का, हात थरथरतात का, वजन उतरलंय का, काही म्हणजे काही विचारलं नाही. यातलं मला एकही होत नव्हतं!

केस गळतात म्हणून मी तेव्हा बायोटिनच्या गोळ्या घेत होते, त्या दिवशी सकाळीही घेतली होती. काही यंत्रांवर बायोटिनमुळे टीएसएच खोटाच कमी दिसतो आणि टी-4, म्हणजे खुद्द थायरॉईडचा हार्मोन, खोटाच जास्त. तपासणीच्या निदान दोन दिवस आधी बायोटिन बंद ठेवायचं असतं. हे मला ना रक्त घेणाऱ्यानं सांगितलं, ना डॉक्टरांनी. शिवाय टीएसएच पहाटे जास्त असतो, दुपारी उतरतो. सकाळच्या आकड्याशी दुपारचा आकडा ताडायचाच कशाला? आठवड्याभरात सकाळी परत एकदा रक्त तपासलं असतं तर काय बिघडलं असतं?

बिघडलं ते माझं. अर्ध्या गोळीवर दोन महिने काढले. जिना चढताना पाय शिशाचे. भर एप्रिलच्या उन्हात मला पंखा सोसवेना. पोट साफ नाही, चेहरा सुजलेला, लेकीला अभ्यासाला घेऊन बसले की पाचव्या मिनिटाला डोळे मिटायचे. ती बिचारी पुस्तक मिटून गुपचूप उठून जायची. ते दोन महिने मला कोण परत देणार? आणि मेमध्ये टीएसएच 9.4 आल्यावर खापर माझ्याच डोक्यावर! अहो, गोळी निम्मी तुम्ही केलीत!

आता परत 100 सुरू आहे. डोस बदलला की टीएसएच स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात, तोवर थांबणार आहे. मग जानेवारीचीच लॅब, सकाळी साडेसातला, गोळी घ्यायच्या आधी. बायोटिनची बाटली कपाटात बंद. तारीख, वेळ, लॅब, डोस, सगळं एका कागदावर लिहून नेणार आहे. तो कागद वाचल्याशिवाय गोळीला कुणी हात लावला, तर मी खुर्चीवरून उठणार नाही.