सही शेवटी हॅशवरच उभी आहे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गिटने (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारी प्रणाली) फाइलींचे हॅश, म्हणजे आशयावरून गणिताने काढलेल्या छोट्या ओळखखुणा, काढायची शा-१ ही जुनी पद्धत सोडून शा-२५६ कडे जायलाच हवं, या माझ्या लेखावर तुम्ही अभ्यासपूर्वक हरकत घेतलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गिटमधला हॅश सुरक्षेसाठी नाहीच, खुद्द गिटचे जनक लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी तसं सांगितलंय. टक्कर (दोन वेगळ्या फाइलींचा हॅश एकच निघणं) ओळखणारा कोड गिटमध्ये २०१७ पासून आहेच. मग जगभरातल्या रेपोंचे (कोडसंग्रहांचे) कमिट क्रमांक, म्हणजे प्रत्येक नोंदवलेल्या बदलाचा हॅश, बदलायला लावणं म्हणजे लोकांना विनाकारण घाबरवणं.

आधी पटलेलं सांगतो. अस्तित्वात असलेल्या फाइलीशी हॅश जुळेल अशी दुसरी फाइल मागाहून तयार करणं कुणालाही जमलेलं नाही. शा-१ सोडा, एमडी-५ या त्याहून जुन्या हॅशच्या बाबतीतही ते प्रत्यक्षात झालेलं नाही. त्यामुळे तुमच्या जुन्या प्रामाणिक कमिटखालचा कोड कुणी बदलून टाकेल, असं मी म्हणत नाही.

लिनस यांचं विधानही खरं आहे. २००७ साली गूगलमधल्या भाषणात त्यांनी हेच सांगितलं होतं: डेटा बिघडला तर कळावं म्हणून हॅश. पण ऑगस्ट २०११ मध्ये लिनक्सच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा, कोड जिथे ठेवतात त्या कर्नल डॉट ऑर्गच्या सर्व्हरांमध्ये घुसखोरी झाल्याचं उघड झालं आणि चित्र बदललं. त्यानंतर कर्नलचे मेंटेनर (एकेक भाग सांभाळणारे) सही केलेले टॅग (ठरावीक कमिटला दिलेली नावं) पाठवू लागले, आणि २०१२ च्या सुरुवातीला आलेल्या गिट १.७.९ मध्ये पुल करताना (दुसऱ्याचे बदल ओढून घेताना) ती सही तपासायची सोय झाली. ही सही नेमकी होते कशावर? टॅगच्या मोजक्या ओळींवर. त्यात कमिटचा हॅश, कमिटमध्ये ट्रीचा (फाइलींच्या यादीचा) हॅश, ट्रीमध्ये प्रत्येक फाइलीचा. सही करणाऱ्या जीपीजी या साधनाची किल्ली ४०९६ बिटांची असली तरी सही आणि प्रत्यक्ष कोड यांना जोडणारा दुवा शा-१ हाच. सहीवर भरवसा ठेवायला लागलो त्या दिवसापासून आपण हॅश सुरक्षेसाठीच वापरतोय, मूळ हेतू काहीही असो.

आता हल्ला कसा होईल ते पाहा. हल्लेखोर आधीच दोन फाइली बनवतो, एक निरुपद्रवी आणि एक घातक, दोन्हींचा हॅश एकच. निरुपद्रवी फाइल तो पॅचमधून (सुचवलेल्या बदलातून) पाठवतो, तुम्ही तपासून मर्ज करता (आपल्या कोडात मिसळता), सही करता. पुढे एखाद्या मिररवर (रेपोच्या प्रतीवर) दुसरी फाइल ठेवली तरी तुमची सही बरोबरच ठरते. सी कोडमध्ये हॅश जुळवायला घुसवलेला असा कचरा डोळ्यांत भरेल, हे मान्य. पण फर्मवेअरचे ब्लॉब (बायनरी फाइली), चित्रं, चाचणीसाठी ठेवलेल्या पीडीएफ कोण बाइट-बाइट वाचतं? फेब्रुवारी २०१७ मध्ये ॲम्स्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संशोधन संस्था आणि गूगल यांनी एकच शा-१ असलेल्या दोन पीडीएफ जाहीर केल्या. त्या चाचणी म्हणून वेबकिट या ब्राउझर इंजिनच्या सबव्हर्जन (गिटसारखीच दुसरी प्रणाली) रेपोत टाकल्या गेल्या आणि रेपोच अडकून पडला. गिट आशयाआधी प्रकार आणि आकाराची नोंद जोडून हॅश काढतं, म्हणून त्याच दोन पीडीएफ तिथे आदळत नाहीत. मात्र ती नोंद धरून नवी जोडी बनवायला गणिताची काही आडकाठी नाही, फक्त खर्च आहे. आणि २०२० मध्ये लेरां आणि पेरां या संशोधकांनी याहून अवघड प्रकारची टक्कर भाड्याच्या जीपीयूंवर सुमारे ७५,००० डॉलरमध्ये करून दाखवली.

टक्कर ओळखणारा कोड (गिट २.१३ पासून तो मुळातच चालू असतो) उत्तम आहे आणि आज तो आपल्याला वाचवतोय. पण तो माहीत असलेल्या हल्ल्यांच्या खुणा शोधतो. उद्या वेगळी पद्धत निघाली तर त्याला ती कशी ओळखू येणार?

मग आत्ताच घाई कशाला, हा तुमचा खरा प्रश्न. कारण हे काम वर्षानुवर्षं चालतं. गिटच्या कोडमध्ये ठिकठिकाणी शा-१ चा २० बाइटांचा आकार गृहीत धरलेला होता. गिटचे एक विकासक ब्रायन कार्लसन यांनी तो बाजूला काढायला २०१५ मध्येच, म्हणजे टक्कर दिसण्याच्या दोन वर्षं आधी, सुरुवात केली. तरीही शा-२५६ प्रायोगिक स्वरूपात यायला २०२० उजाडलं आणि ‘प्रायोगिक’ हा शिक्का २०२३ मध्ये, २.४२ आवृत्तीत निघाला. शा-१ पुरता मोडल्यावर सुरुवात करू म्हटलं, तर मधली इतकी वर्षं कशावर विश्वास ठेवायचा? अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनेही शा-१ चा वापर २०३० अखेरपर्यंत थांबवायला सांगितलंय.

क्रमांक बदलण्याचा त्रास मात्र मी मुळीच कमी लेखत नाही. बग अहवालांत, कमिट संदेशांत, पत्रव्यवहारात जुने हॅश विखुरलेले आहेत. जुन्या आणि नव्या नावांची जोडयादी ठेवून दोन्ही चालतील अशी योजना गिटकडे आहे, पण ती अजून रोजच्या वापरापर्यंत पोचलेली नाही, आणि माझ्या मते संक्रमणातली सर्वात मोठी उणीव हीच आहे. फॉसिल या गिटसारख्याच प्रणालीने २०१७ मध्येच एका रेपोत शा-१ आणि शा-३ (आणखी एक नवी हॅश पद्धत) दोन्ही नावं चालू दिली. त्यांचा पसारा लहान होता हे खरं, तरी वाट योग्य होती.

तुमच्या कंपनीचा रेपो आज बदलायचा का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. तुमचा सर्व्हर शा-२५६ स्वीकारत नसेल तर नाही. गिट ३.० मध्ये नव्या रेपोंसाठी शा-२५६ आपोआप निवडला जायचा आहे, जुने रेपो तसेच चालतील. पण तुमच्या बिल्ड स्क्रिप्ट आणि डेटाबेसमध्ये कमिटसाठी ४० अक्षरांचा रकाना असेल, तर शा-२५६ चा लांब हॅश मावावा म्हणून तो या आठवड्यातच ६४ चा करून घ्या.