रजनी कोठारींबद्दलच्या त्या मेसेजविषयी

बडोद्यातल्या दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या आपल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: बडोद्याचे राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारी यांनी 'काँग्रेस सिस्टीम' हे पुस्तक लिहून एकपक्षीय राजवटीची तरफदारी केली.

मंडळी, मुळात ते पुस्तकच नाही. 'एशियन सर्व्हे' या अमेरिकी नियतकालिकात डिसेंबर 1964 मध्ये आलेला तो लेख, जेमतेम 13 पानांचा. मी तो वाचलाय. त्यात तरफदारी नाही, वर्णन आहे: मध्ये मतैक्याचा एक मोठा पक्ष, म्हणजे काँग्रेस, भोवती दबाव आणणारे छोटे पक्ष. हे छोटे पक्ष सत्तेत येत नाहीत, पण काँग्रेसमधल्याच गटातटांना हाताशी धरून तिच्यावर प्रभाव टाकतात. म्हणजे स्पर्धा आहेच, फक्त बरीचशी घराच्या आत. एकपक्षीय राजवटीपासून हे वेगळं, असंच कोठारी सांगतात. पुढे 1974 मध्ये त्याच नियतकालिकात त्यांनी या मांडणीचा स्वतःच फेरविचार केला आणि नंतर 1975 च्या आणीबाणीला विरोधही केला. तरफदार असं करत नाही!

'बडोद्याचे' हे मात्र निम्मं खरं. जन्म पालनपूरचा, आपल्या सयाजीराव विद्यापीठात ते शिकवत होते. पण लेख आला तेव्हा दिल्लीत सीएसडीएस (सेंटर फॉर द स्टडी ऑफ डेव्हलपिंग सोसायटीज) ही समाजशास्त्रीय संशोधन संस्था काढून त्यांना वर्ष झालं होतं.

त्यांची मांडणी पटो न पटो, भारतीय पक्षांवर लिहिणाऱ्याला आजही त्या लेखाची दखल घ्यावीच लागते. कोठारींवर टीका जरूर करा, पण तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल, त्यांना हा खुलासा पाठवा.